बधिर चट्टा आणि मोबाइलचा कॅमेरा

दंडावर रुपयाच्या नाण्याएवढा एक फिकट चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, चिघळत नाही. काटोलच्या संत्राबागेत मजुरीला जाणारी बाई किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण तेवढ्यासाठी दिवसाची रोजी बुडवून दवाखान्यात जात नाही. जांघेतले गजकर्ण मात्र रात्रभर झोपू देत नाही, म्हणून त्यावर त्याच दिवशी औषधाच्या दुकानातून मलम येते. त्वचेच्या आजारांतली सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे. जो आजार छळतो त्याच्याकडे लगेच लक्ष जाते. जो पुढे हातापायांची बोटे वाकवू शकतो, तो वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहतो.

त्वचेची तक्रार लवकर ओळखायला मदत करणारे मोबाइल ॲप म्हणूनच हवेसे वाटते. फोन आता खेड्यापाड्यांत पोचला आहे आणि त्वचा हा शरीराचा डोळ्यांना दिसणारा अवयव आहे. शिवाय छायाचित्रातून आजार ओळखायला शिकणारी संगणकीय प्रारूपे मोफत मिळतात. असे ॲप बांधणे आज अवघड राहिलेले नाही. विदर्भाच्या माणसाला उपयोगी पडेल असे बांधणे मात्र अवघड आहे आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या आधी इथल्या आजारांचा आणि इथल्या अनुभवाचा विचार करावा लागेल.

वर्ध्याने घालून दिलेला धडा

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात या विषयातला मोठा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झालेला असताना गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. पुढे 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम सुरू झाले. त्याची धुरा डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांच्याकडे होती.

तोवर कुष्ठरोगाचे काम म्हणजे मुख्यतः वसाहतीत किंवा आश्रमात आलेल्या रुग्णांची सेवा. ही माणसे बहुधा आजार बळावल्यावर, घराने आणि गावाने दूर केल्यावर येत. वार्डेकरांनी दिशा उलटी केली. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासायची, लोकांना आजार समजावून सांगायचा आणि रुग्ण सापडला की त्याच्या घरीच, त्याच्या गावातच उपचार करायचे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी ही त्रिसूत्री होती. 1955 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधे एकत्र देण्याचा नवा उपचार आला, तेव्हा तो देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवला गेला त्यांत वर्धा होता.

या कामाचे फळ मोठे आहे. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण डिसेंबर 2005 मध्ये दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. पण यालाच ‘निर्मूलन’ म्हटले गेल्यामुळे आजार संपल्याचा समज पसरला. आजही भारतात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या देशातले असतात. महाराष्ट्रात पूर्व विदर्भाचा पट्टा या आजाराच्या दृष्टीने अजूनही जोखमीचा आहे. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. इतका संथ आजार शोधायला एकदाच केलेली मोहीम पुरत नाही. वर्षभर, घरातल्या घरात, सतत पाहणारी नजर लागते. ॲप ही नजर होऊ शकेल, पण वार्डेकरांची तिन्ही सूत्रे त्यात असली तरच. आजच्या बहुतेक त्वचा-ॲपांत फक्त पहिले सूत्र आहे, आणि तेही अर्धवट.

कॅमेरा काय शिकतो आणि कोणाकडून

छायाचित्रातून आजार ओळखणारे प्रारूप हजारो चित्रे पाहून शिकते. प्रत्येक चित्राबरोबर त्याला सांगितले जाते की हा सोरायसिस, हे इसब, ही साधी चामखीळ. चित्रातला रंग, कडा आणि पोत यांतले साम्य टिपत ते स्वतःचे ठोकताळे बांधते. 2017 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधनात अशा प्रारूपाला सुमारे 1 लाख 29 हजार चित्रांवर शिकवले होते. त्वचेच्या कर्करोगाच्या निवडक चित्रांवर त्याने 21 त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीची कामगिरी केली. तेव्हापासून जगभर अशा ॲपांची लाट आली.

प्रारूप नेमके काय शिकले हे मात्र वरून दिसत नाही. संशोधकांना एका प्रारूपात असे आढळले, की चित्रात मोजपट्टी दिसली की ते कर्करोगाकडे झुकते. डॉक्टर संशयास्पद डागाशेजारीच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतात. प्रारूपाने डागाबरोबर मोजपट्टीही लक्षणांत धरली होती.

दुसरा प्रश्न त्वचेच्या रंगाचा. 2022 मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या खुल्या प्रतिमासंचांची झडती प्रसिद्ध झाली. 21 संचांत मिळून एक लाखाहून अधिक चित्रे होती. त्यांतल्या अवघ्या 2,436 चित्रांबरोबर त्वचेचा प्रकार नोंदलेला होता, आणि त्यांत तपकिरी त्वचेची चित्रे 10 आणि गडद तपकिरी किंवा काळ्या त्वचेचे चित्र फक्त 1. अशा साठ्यावर शिकलेले ॲप उमरेडच्या शेतमजुराच्या पाठीवरचा चट्टा कशाच्या आधारे ओळखणार? गोऱ्या कातडीवर लालभडक दिसणारी सूज सावळ्या कातडीवर जांभळट, करडी किंवा नुसती गडद दिसते. ‘डाग लाल आहे का?’ हा साधा प्रश्नसुद्धा आपल्याकडे चुकीचे उत्तर काढून देतो.

आजारांची यादीही आयात करून चालत नाही. परदेशी ॲपांचा भर मेलानोमा या कर्करोगावर आणि त्यासाठी तीळ तपासण्यावर असतो, कारण गोऱ्या लोकांत तो मोठा धोका आहे. भारतीयांत मेलानोमा क्वचित आढळतो, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. विदर्भाच्या ॲपमध्ये तळपाय दाखवायला सांगणारी एक पायरी त्यासाठी ठेवावी. बाकी जागा गजकर्ण, खरूज, इसब, कोड, शिबे आणि कुष्ठरोग यांना द्यावी.

चित्रापेक्षा प्रश्न मोठा

फिकट डागाचेच उदाहरण घ्या. मुलांच्या गालावर कोरडे फिकट डाग पडतात, त्यांना लोक जंताचे डाग म्हणतात. बहुधा तो इसबाचाच सौम्य प्रकार असतो. घामाने छातीपाठीवर शिबे पडतात. त्यांना नखाने हलके खरवडले की बारीक कोंडा निघतो. कोडाचा डाग हळूहळू खडूसारखा पांढरा होतो, पण तिथे स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा तांबूस असतो, पूर्ण पांढरा होत नाही. बहुधा तो कोरडा असतो, तिथे घाम कमी येतो, लव विरळ होते आणि मुख्य म्हणजे स्पर्श कळेनासा होतो. या चारही डागांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली तर अनुभवी डॉक्टरही काही वेळा अडखळेल. तोच डॉक्टर रुग्ण समोर असताना डोळे मिटायला सांगतो, डागाला पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करतो आणि विचारतो, ‘कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा.’ कॅमेऱ्याला न मिळणारी माहिती त्याला एका क्षणात मिळते.

ब्राझीलमधल्या प्रयोगाने हीच गोष्ट आकड्यांत दाखवली. तिथल्या फिओक्रुझ या सरकारी संशोधनसंस्थेने, नोव्हार्टिस फाउंडेशन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने, कुष्ठरोग ओळखणारे प्रारूप तयार केले आणि 2022 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात 1,229 छायाचित्रे होती आणि जोडीला रुग्णांच्या लक्षणांची माहिती होती. दोन्हींचा मेळ घातल्यावर सुमारे 90 टक्के अचूकता मिळाली. डागावर गरम-थंड न कळणे आणि पायांना मुंग्या येणे ही माहिती कुष्ठरोगाकडे बोट दाखवत होती. खाज आणि कोंडा असेल तर शक्यता कमी होत होती. यांतली मुंग्या, खाज आणि उष्णतेची जाण ही लक्षणे छायाचित्रात येऊच शकत नाहीत. ती विचारावी लागतात.

90 टक्के अचूकता ऐकायला भरघोस वाटते, पण हिशेब करून पाहू. समजा, दहा हजार माणसांनी ॲप वापरले आणि त्यांत खरे रुग्ण 10 आहेत. ॲप 90 टक्के रुग्णांना बरोबर पकडते आणि 90 टक्के निरोग्यांना बरोबर सोडते असे धरू. 10 पैकी 9 रुग्ण सापडले, हे उत्तम. पण उरलेल्या 9,990 निरोगी माणसांपैकी 999 जणांनाही ॲप संशयित ठरवेल. म्हणजे इशारा मिळालेल्या 1,008 जणांत खरे रुग्ण फक्त 9, शंभरांत एकही नाही. एवढी माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली तर तिथले काम कोलमडेल, आणि कुष्ठरोगाच्या नुसत्या संशयाने कितीतरी घरांत भीती शिरेल.

आता इशारा देण्याआधी स्पर्शाची चाचणी घातली आणि त्या 999 जणांपैकी समजा विसांत एकालाच डाग बधिर वाटला, तर 50 जण उरतील. 9 रुग्ण टिकले असे धरले, तर 59 जणांत 9 रुग्ण, म्हणजे साधारण सहा-सात जणांमागे एक. आरोग्य केंद्राला हे काम पेलते. आजार जितका विरळ, तितकी ॲपमध्ये एकामागून एक अशा चाळण्यांची गरज जास्त.

एक सावधगिरी इथेच घ्यावी लागते. कुष्ठरोगाच्या ज्या प्रकारात जंतू सर्वाधिक असतात, त्यात सुरुवातीला डाग पुसट असतात आणि तिथे स्पर्श शाबूत असू शकतो. म्हणून ‘बधिर नाही म्हणजे कुष्ठ नाही’ असे ॲपने कधीच म्हणू नये. कानाची पाळी जाड किंवा गाठाळ झाली आहे का, भुवयांचे केस विरळ झाले आहेत का, हातापायांना मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही का, घरात कोणाला हा आजार झाला होता का, हे प्रश्नही हवेत.

मलमाची नळी दाखवा

नागपूरच्या दमट पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत त्वचेच्या ओपीडीत सर्वांत जास्त गर्दी असते ती गजकर्णाची. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात या बुरशीने हट्टी रूप घेतले आहे. 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या नावाने ओळखली गेलेली जात नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला अनेकदा दाद देत नाही. या दुखण्यात भर घालतात ती स्टेरॉइडची मिश्र मलमे. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलेले मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, रुग्णाला बरे वाटते आणि त्याच मलमाखाली बुरशी पसरत जाते. कडा पुसट होतात, गोलात गोल उमटतात, कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे चरे पडतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या अनुसूचीत आणली. तरीही शेजाऱ्याने सांगितलेली नळी दुकानातून विकत घेण्याची सवय सुटलेली नाही.

मलम लावलेल्या गजकर्णाचे छायाचित्र फसवे असते, कारण ओळख पटवणाऱ्या खुणाच पुसल्या गेलेल्या असतात. विदर्भाच्या ॲपने म्हणूनच डागाबरोबर मलमाच्या नळीचेही छायाचित्र मागावे. नळीवरची छापील अक्षरे वाचणे संगणकाला डाग ओळखण्याहून कितीतरी सोपे आहे. त्यात स्टेरॉइड आढळले तर ॲपने सांगावे, ‘या मलमात स्टेरॉइड आहे. हे स्वतःच्या मनाने लावत राहू नका, डॉक्टरांना ही नळी दाखवा.’ एवढ्या एका सोयीनेही या ॲपचे चीज होईल.

रुग्णाच्या कामाबद्दलही विचारायला हवे. बांधावर माजलेल्या गाजर गवताच्या कणांनी शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर आणि मानेच्या घड्यांत इसब उठते. हे गवत भारतात 1950 च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले आणि मग देशभर पसरले. ‘शेतात गाजर गवत उपटता का? फवारणी करता का? सिमेंटमध्ये हात घालता का?’ असे प्रश्न विचारणारे ॲप निदानाच्या जवळ लवकर पोचते.

उत्तर कसे द्यावे

कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा 1898 चा कायदा आपल्या संसदेने 2016 मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद 2019 मध्ये गेली. कायदा बदलला तरी गावातली कुजबुज इतक्या लवकर बदलत नाही. बहुतेक घरांत एकच फोन सगळे वापरतात. अशा फोनच्या पडद्यावर सुनेच्या छायाचित्राखाली आजाराचे नाव झळकले, तर बरे होण्याआधी तिचे घर तुटू शकते. म्हणून ॲपने नाव सांगू नये, पुढची पायरी सांगावी. तीन उत्तरे पुरेशी आहेत: घरी काळजी घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा, आठवड्याभरात आरोग्य केंद्रात दाखवा, आजच दवाखान्यात जा. अंगभर फोड, ताप, तोंडात जखमा, औषध घेतल्यावर सोलणारी कातडी किंवा अचानक लुळी पडलेली बोटे असतील तर तिसरे उत्तर. त्याबरोबर जवळच्या केंद्राचा पत्ता आणि ओपीडीची वेळ द्यावी.

छायाचित्र घेण्याची पद्धतही ॲपनेच शिकवायला हवी. फ्लॅश बंद, दिवसाचा तिरपा उजेड, एक चित्र जवळून, एक लांबून, चेहरा सुंदर करणारी गाळणी बंद. फिकट चट्टा समोरच्या झगझगीत प्रकाशात हरवतो आणि बाजूच्या उजेडात उठून दिसतो. चेहरा, गोंदण, दागिने चित्रात नकोत. सूचना लिहिलेल्या आणि बोललेल्या, दोन्ही हव्यात. मराठी आणि हिंदीबरोबर गडचिरोलीसाठी गोंडी आणि माडिया, मेळघाटासाठी कोरकू हवी. नेटवर्क नसताना ॲप चालले पाहिजे.

छायाचित्रावर हक्क त्या माणसाचाच. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा स्पष्ट संमती मागतो. ‘डॉक्टरला दाखवायला देतो’ आणि ‘संगणकाला शिकवायला देतो’ या दोन वेगळ्या संमती आहेत, त्या वेगळ्याच विचारायला हव्यात. आजार ओळखण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर भारतात वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते, हेही बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे.

वार्डेकरांच्या कार्यकर्त्याची जागा आज आशा आरोग्यसेविकेने, म्हणजे आशाताईने, घेतली आहे. घरात शिरून ‘डाग दाखव गं’ म्हणण्याचा हक्क तिने वर्षांच्या येण्याजाण्याने कमावला आहे. ॲप तिच्या हातात आधी द्यावे. लाजेपोटी पाठ दाखवू न शकणारी मुलगी तिला दाखवेल, आणि डोळे मिटून स्पर्शाची चाचणी घ्यायला दुसरा माणूस लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही दुर्लक्षित त्वचारोगांसाठी ॲप काढले, ते मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच. केंद्राचे ‘निकुष्ठ’ पोर्टल रुग्णनोंदणीसाठी आणि ‘ई-संजीवनी’ दूरसल्ल्यासाठी आहे. नवे ॲप त्यांना जोडले गेले, तर संशयित माणूस उपचारापर्यंत पोचला की नाही हेही कळेल. ॲप किती जणांनी उतरवून घेतले यावर त्याचे यश मोजू नये. हात वाकडा होण्याआधी किती जण उपचाराला लागले, यावर मोजावे.

लागणारी सगळी माणसे नागपुरात आणि आसपासच आहेत. नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत इथल्या कातडीचे, इथल्या आजारांचे हजारो रुग्ण येतात. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीत संगणकाचे जाणकार आहेत. वर्ध्यात आणि वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठकार्याची दीर्घ परंपरा आहे. त्यांनी एकत्र बसून, रुग्णांची संमती घेऊन, सावळ्या त्वचेच्या आणि निदान पक्के झालेल्या छायाचित्रांचा संच उभा करावा आणि तो इतरांसाठी खुला करावा. प्रारूपे जगात भरपूर आहेत. आपल्या कातडीची माहिती फक्त आपणच गोळा करू शकतो.

ॲप येईल तेव्हा येईल. तोवर महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, घरातल्या प्रत्येकाची पाठ, दंड, मांड्या आणि तळपाय पाहून घ्या. न खाजणारा फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, तर डोळे मिटून त्यावर पेनाच्या टोकाचा हलका स्पर्श कळतो का ते तपासा. सुई टोचू नका, गरम वस्तू लावू नका. स्पर्श कळला नाही, किंवा शंका राहिली, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचा उपचार तिथे पूर्ण मोफत आहे, तो प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो, आणि वेळेवर सुरू झाला तर माणूस कोणतीही विकृती न येता पूर्ण बरा होतो.